कॉलेजची शिष्यवृत्ती: इंदूरच्या मराठी घरांनी कागद, फॉर्म आणि कर्ज कुठल्या क्रमानं हाताळावं

बारावीचा निकाल लागला की एमपी ऑनलाईनच्या कियोस्कवर गर्दी होते आणि बहुतेक घरं तिथेच चुकतात. फॉर्म आधी भरला जातो, कागद नंतर गोळा होतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात कळतं की नाव जुळत नाही, उत्पन्नाचा दाखला चुकीचा लावलाय, किंवा अर्ज मंजूर होऊनही पैसे भलत्याच खात्यात गेलेत. मुलगा हुशार, घर गरजू, योजना लागू, आणि तरी हातात काही नाही. हे बघवत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

इंदूरमध्ये राहणाऱ्या, मध्य प्रदेशचे मूल निवासी असलेल्या आणि मुला-मुलीला बारावीनंतर पदवीला घालणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा लेख आहे. टप्पे दिलेत त्याच क्रमानं करा. फॉर्म सहाव्या टप्प्यावर येतो, आणि तो मुद्दामच इतक्या उशिरा ठेवलाय.

टप्पा 1: एका वर्षाचा खरा खर्च मांडा

कॉलेजच्या माहितीपत्रकात लिहिलेली फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. एका कागदावर वेगवेगळ्या ओळींत लिहा: शिकवणी फी, प्रवेश फी, परीक्षा फी, परत मिळणारी अनामत, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, येणं-जाणं. सुदामा नगरहून खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात रोज जाणाऱ्या मुलाचा सिटी बसचा पाससुद्धा या यादीत हवा.

या ओळी वेगळ्या का ठेवायच्या? कारण योजना सगळं देत नाहीत. उदाहरणार्थ, मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत प्रवेश फी आणि प्रत्यक्ष फी मिळते, पण मेस आणि अनामत रक्कम त्यात धरत नाहीत. त्या ओळी घरानंच उचलायच्या असतात.

दुसरी गोष्ट, आणि ही फार घरांना उशिरा कळते: शिष्यवृत्तीचे पैसे प्रवेशाच्या दिवशी मिळत नाहीत. अर्ज, कॉलेजचं सत्यापन, त्यावरची मंजुरी, मग रक्कम, यात महिने जातात. पहिला हप्ता बहुधा स्वतःच भरावा लागतो. तो कुठून येणार, हे आत्ताच ठरवा. एफडी मोडायची, नातेवाइकांकडून घ्यायचे की कर्ज काढायचं, हा निर्णय फी भरायच्या आदल्या रात्री घेऊ नका.

टप्पा 2: आपल्याला कुठली दारं उघडी आहेत ते ठरवा

सगळीकडे अर्ज टाकून बघू, असं करू नका. त्यात चुका वाढतात, आणि काही योजना एकमेकींबरोबर चालतही नाहीत. खालची यादी बघा, आपल्याला लागू पडणाऱ्या दोन-तीन योजना निवडा आणि त्यांचीच तयारी नीट करा.

*मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना.* राज्याची, 2017 पासूनची. एमपी बोर्डातून बारावीला किमान 70 टक्के, किंवा सीबीएसई-आयसीएसईतून किमान 85 टक्के हवेत. इंजिनीअरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतली रँक हवी. सरकारी कॉलेजात पूर्ण फी, तर खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, यात जे कमी ते मिळतं. डॉक्टरीसाठी नीटमधून प्रवेश लागतो आणि पुढे ग्रामीण भागात सेवा देण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो. त्याची मुदत आणि रक्कम घरच्या सगळ्यांनी बसून वाचा. उत्पन्नाची मर्यादा मध्यंतरी वाढवली गेली आहे, म्हणून शेजारच्या दादाच्या वेळचा आकडा धरू नका. यंदाचा पोर्टलवर बघा.

*केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती.* राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, अर्ज करायचा असतो. आपापल्या बोर्डात वरच्या 20 टक्क्यांत येणाऱ्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी ही आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12,000 रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणात 20,000. रक्कम लहान दिसते, पण बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करणाऱ्या मुलाची सरकारी कॉलेजची फी त्यात निघून वर काही उरतं. मात्र राज्याची दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेत असाल तर ही मिळत नाही.

*प्रगती आणि सक्षम.* एआयसीटीई म्हणजे तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद. तिच्या या योजना मान्यताप्राप्त तांत्रिक डिप्लोमा-डिग्रीसाठी आहेत. प्रगती मुलींसाठी, एका घरातल्या जास्तीत जास्त दोन मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, वर्षाला 50,000 रुपये. सक्षम 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. दोन्हींत अर्ज पहिल्याच वर्षी करावा लागतो, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांनी त्या वर्षी. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालात की दार कायमचं बंद.

*गाव की बेटी आणि प्रतिभा किरण.* बारावीत 60 टक्के मिळवलेल्या मुलींसाठी. पहिली गावातून शिकलेल्या मुलींना, दुसरी शहरातल्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींना. महू, सांवेर, देपालपूरकडच्या मुली इंदूरला शिकायला येतात, त्यांच्या घरी हे नक्की सांगा.

*अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि संबल योजनेतली असंघटित कामगारांच्या मुलांची फीमाफी.* दोन्हींसाठी मुळात नोंद आणि दाखला असावा लागतो. दाखल्यांबद्दल तिसऱ्या टप्प्यात.

> सावध: मुलाला पुण्याला पाठवायचं मनात असेल तर आधी हा हिशेब करा. आपण मराठी असलो तरी महाडीबीटीवरच्या, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या पोर्टलवरच्या, योजनांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो आणि तो इंदूरच्या मुलाकडे नसतो. उलट मध्य प्रदेशची फीमाफी पुण्याच्या खाजगी कॉलेजला लागू होत नाही. दोन्हीकडून हात रिकामे राहतात. तिथे फक्त केंद्राच्या योजना, ट्रस्टची मदत आणि बँकेचं कर्ज एवढंच उरतं. पुण्याला पाठवू नका असं म्हणत नाही. पण आत्या तिथे राहते एवढ्यावर ठरवू नका, आकडे मांडून ठरवा.

टप्पा 3: कागद एकमेकांशी जुळवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निकालाची वाट बघू नका, बारावीची परीक्षा संपली की सुरू करा.

*नाव.* रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चार कागद शेजारी-शेजारी ठेवा: दहावीची मार्कशीट, आधार, समग्रची (राज्याच्या कुटुंबनोंदणीची) प्रत आणि बँकेचं पासबुक. एकानं मार्कशीटवरचं इंग्रजी नाव एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं बाकीच्या तिन्हींवर बोट ठेवून तपासायचं. समजा मुलाचं नाव अथर्व आहे. मार्कशीटवर 'अथर्व सुनील वाकणकर', आधारवर 'अथर्व वाकणकर', समग्रवर तेच पण 'व' ला व्ही, आणि पासबुकात 'ए. एस. वाकणकर' डब्ल्यूनं. घरच्यांना ही चारही नावं एकच वाटतात. संगणकाला ती चार वेगळी मुलं दिसतात.

आपल्या घरांत हे जास्त होतं, त्याला कारणं आहेत. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सलग लिहितो आणि इथली बरीच कागदपत्रं वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात घेतात. वाघ, वैद्य, वाकणकर ही आडनावं आपण डब्ल्यूनं लिहितो, पण टाईप करणारा माणूस सवयीनं व्ही दाबतो. काळे, टिळक, गोळे हिंदीत लिहिताना 'ळ' चा 'ल' होतो. देवनागरीतल्या या फरकानं सहसा अडत नाही, इंग्रजी स्पेलिंगच्या फरकानं मात्र हमखास अडतं. म्हणून तपासणी इंग्रजी अक्षरांचीच करा.

दुरुस्तीचा क्रम असा:

1. दहावीची मार्कशीट पाया धरा. बोर्डाकडून तिच्यात बदल करून घेणं सगळ्यात कठीण असतं, म्हणून बाकीचं तिच्याशी जुळवायचं.
2. मग आधार दुरुस्त करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे घाईघाईत चुकीचं स्पेलिंग देऊन एक संधी घालवू नका. केंद्रावर पावती देण्याआधी स्क्रीन दाखवतात, तेव्हा मुलानं स्वतः वाचावं.
3. आधार अद्ययावत झाल्यावरच समग्रचं ई-केवायसी करा. क्रम उलटा केलात तर जुनंच नाव समग्रमध्ये पक्कं होतं. मुलाचा सदस्य आयडी नऊ अंकी असतो, कुटुंबाचा आठ अंकी. फॉर्ममध्ये कुठला मागितलाय ते बघून भरा. समग्रमधलं काही अडलं तर नगर निगमच्या आपल्या झोन कार्यालयात जावं लागतं.
4. सगळ्यात शेवटी बँक.

आईच्या नावाचाही एक गुंता असतो. लग्नात नाव बदललेल्या आईचं मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं आणि पॅनवर माहेरचं तिसरं असतं. शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये मार्कशीटवरचं नाव लिहा. पण पुढे शिक्षणकर्जाला आई सहअर्जदार होणार असेल, तर तिचं आधार आणि पॅन आत्ताच एकसारखं करून घ्या. बँक तिथे अडते आणि पॅन दुरुस्तीला वेळ लागतो.

*उत्पन्नाचा दाखला.* लोकसेवा केंद्रात अर्ज करा, दाखला तहसील कार्यालयाकडून येतो. तीन चुका वारंवार होतात.

पहिली, हातात पडणारा पगार उत्पन्न म्हणून लिहिणं. पीएफ, कर कापून उरलेली रक्कम नव्हे, एकूण पगार धरायचा असतो. घरभाडं, शेती, दुकान असेल तर तेही. फॉर्म 16 वर एक आकडा आणि दाखल्यावर दुसरा असेल तर कर्जाच्या वेळी उत्तर देता येत नाही.

दुसरी, कोणाचं उत्पन्न ते न बघणं. एका योजनेत वडिलांचं किंवा पालकांचं धरतात, दुसरीत सबंध कुटुंबाचं. आई नोकरी करत असेल तर फरक मोठा पडतो. वडील हयात नसतील तर आईच्या किंवा पालकाच्या नावानं दाखला काढा आणि मृत्यूचा दाखला सोबत ठेवा.

तिसरी, ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र उत्पन्नाचा दाखला म्हणून लावणं. ते आरक्षणासाठी असतं. शिष्यवृत्तीसाठी वेगळा दाखला लागतो, दोन्ही काढा.

*मूल निवासी प्रमाणपत्र.* राज्याच्या योजनेला हे लागतंच. वडिलांची बदली होऊन तुम्ही काही वर्षांपूर्वी इंदूरला आला असाल तर अटी आधी विचारून घ्या, गृहीत धरू नका.

*जातीचा दाखला.* आजोबांनी सातारा किंवा जळगाव जिल्ह्यातून काढलेला दाखला इथल्या राज्य योजनेत चालत नाही. मध्य प्रदेशच्या सक्षम अधिकाऱ्याचा डिजिटल दाखला लागतो. आणि एखादी जात महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे म्हणून ती इथल्या यादीत असेलच असं नाही. यादी आधी बघा. काही घरं वर्षानुवर्षं चुकीच्या प्रवर्गात अर्ज करत राहतात आणि दरवेळी अर्ज निरस्त, म्हणजे रद्द, झाल्याचं वाचून खचतात.

> तपासा: या टप्प्याअखेर दहावी-बारावीची मार्कशीट, आधार, समग्र, उत्पन्न, मूल निवासी, लागू असल्यास जात, हे सगळं एका फाइलमध्ये मूळ, आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन करून असलं पाहिजे. फोटो तिरका, अंगठ्याची सावली पडलेली, शिक्का अर्धा कापलेला असा नको. प्रत्येक स्कॅनला नाव द्या. 'आयएमजी' आणि पुढे आकडे अशा फाइलींतून चुकीचा कागद चढतो.

टप्पा 4: पैसे यायची वाट मोकळी करा

खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर हवं. वडिलांचं नको, आजोबांबरोबरचं संयुक्तही नको. शाळेत असताना उघडलेलं अल्पवयीन मुलाचं खातं असेल तर त्यात जमा होणाऱ्या रकमेवर मर्यादा असू शकते. अठरा पूर्ण झाले की केवायसी करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि सरकारी पैशासाठी ते खातं आधारला जोडलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत 'लिंक आहे' असं उत्तर मिळतं, ते बहुतेक वेळा पहिल्याबद्दल असतं. थेट लाभ हस्तांतरणाचे (डीबीटीचे) पैसे मात्र एनपीसीआय या देयक महामंडळाच्या नोंदीत आधारशी जे एक खातं जोडलेलं आहे, त्यातच जातात. फॉर्ममध्ये तुम्ही दुसरा खाते क्रमांक लिहिला असला तरी. मुलानं मध्येच मोबाइलवरून एखादं नवं खातं उघडलं आणि संमतीच्या चौकटीत टिचकी मारली, तर ती नोंद गुपचूप तिकडे सरकते. मग घरचे जुन्या पासबुकात पैसे शोधत बसतात.

आधारच्या संकेतस्थळावर मुलाच्या आधार क्रमांकानं आणि ओटीपीनं लॉगिन करा, तिथे बँक सीडिंगची, म्हणजे या जोडणीची, स्थिती दिसते. कुठली बँक आणि सक्रिय आहे की नाही, दोन्ही बघा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म लेखी द्या आणि पावती घ्या. त्यासाठी आधारला लागलेला मोबाइल नंबर चालू हवा. तो बंद पडलेल्या जुन्या सिमचा असेल तर आधी तो बदला.

> सावध: फॉर्म भरल्यापासून रक्कम येईपर्यंत मुलानं नवं बँक खातं उघडू नये. उघडावंच लागलं तर आधार सीडिंगची संमती देऊ नये.

टप्पा 5: प्रवेशाच्या वेळीच मिळणारी सवलत सोडू नका

काही मदत नंतर अर्ज करून मिळत नाही, ती समुपदेशनाच्या (प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या) फॉर्ममध्येच मागावी लागते. इंजिनीअरिंगच्या शिकवणी फीमाफीच्या जागा अशाच आहेत. एआयसीटीईच्या नियमानं या जागा मंजूर जागांच्या 5 टक्क्यांपर्यंत, त्यांच्याशिवाय जादा असतात आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना मिळतात. नोंदणी करताना तो पर्याय निवडला नाही, किंवा त्या दिवशी उत्पन्नाचा दाखला हातात नव्हता, तर जागा दुसऱ्याला जाते. परीक्षा संपली की दाखल्यांना लागा असं वर सांगितलं ते यासाठीच. या जागेत फक्त शिकवणी फी माफ होते, बाकीची द्यावी लागते. पण चार वर्षांचा हिशेब केलात तर आकडा मोठा होतो.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी राज्याच्या ई-प्रवेश पोर्टलवरून जाणाऱ्यांनी तिथे भरलेला समग्र आयडी, प्रवर्ग आणि उत्पन्न लिहून ठेवावं. शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये तेच लिहायचं. दोन ठिकाणी वेगळं दिसलं तर कॉलेज अडवतं.

आयआयटीत प्रवेश मिळाला तर सवलत संस्थेतच असते: कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर शिकवणी फी पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश. सिमरोलला, म्हणजे आयआयटी इंदूरला, जाणाऱ्यांनी प्रवेशाच्या कागदांबरोबरच उत्पन्नाचा दाखला द्यावा.

टप्पा 6: फॉर्म भरा

आता कियोस्कवर जा, किंवा घरीच भरा. घरी भरणं चांगलं, कारण घाई नसते आणि पासवर्ड आपल्याकडे राहतो.

1. एनएसपीवर आधी एकदाच करायची नोंदणी असते. त्यात मोबाइलवर चेहऱ्याची ओळख पटवावी लागते आणि 14 अंकी क्रमांक मिळतो. तो पुढची सगळी वर्षं लागतो. वहीत लिहा, आई-बाबांच्या फोनमध्येही ठेवा. एका मुलाची एकच नोंदणी. दुसऱ्यांदा करायचा प्रयत्न करू नका.
2. राज्याच्या योजनांसाठी मध्य प्रदेशच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळी नोंदणी आहे. दोन्ही पोर्टलना मुलाचाच मोबाइल नंबर द्या. कियोस्कवाल्याचा नंबर दिलात तर अर्ज परत आल्याचा निरोप त्याला जातो, तुम्हाला नाही.
3. कॉलेज निवडताना पूर्ण नाव आणि एआयएसएचई कोड (कॉलेजचा सरकारी नोंद क्रमांक) दोन्ही जुळवा. इंदूरमध्ये मिळत्याजुळत्या नावांची कॉलेजं बरीच आहेत आणि काहींच्या दोन शाखा वेगवेगळ्या कोडच्या आहेत. कोड कॉलेजच्या कार्यालयातून लिहून आणा.
4. अभ्यासक्रमाचं नाव आणि वर्ष प्रवेशपत्रावर आहे तसंच निवडा. बी.कॉम. आणि बी.कॉम. ऑनर्स वेगळे आहेत.
5. टक्केवारी वर ढकलू नका. 84.8 म्हणजे 85 नाही.
6. फीच्या रकान्यात पावत्यांवर आहे तेवढीच फी, ओळीनुसार. हॉस्टेल आणि मेस शिकवणी फीत मिसळू नका.
7. शेवटचं बटण दाबण्याआधी पूर्ण अर्ज छापून काढा. मुलगा वाचेल, मग आई किंवा बाबा वाचतील. चूक पेनानं गोल करा, दुरुस्त करा, मगच सादर करा.

पालकांसाठी एक विनंती. फॉर्म मुलानं किंवा मुलीनं भरावा, तुम्ही शेजारी बसा. ओटीपी, पासवर्ड, कॉलेजचं कार्यालय, पुढची तीन-चार वर्षं हे सगळं त्यालाच बघायचंय. पहिल्याच वर्षी हात बसला की पुढे सोपं जातं.

> सावध: सरकारी पोर्टल अर्जाचे पैसे घेत नाही. कियोस्कची सेवा फी वेगळी, तिची पावती मागा. 'मंजूर करून देतो' म्हणून ओटीपी मागणाऱ्या कोणालाही तो देऊ नका.

टप्पा 7: कॉलेजच्या खिडकीवर जा

सादर केला म्हणजे झालं, हा समज सगळ्यात महाग पडतो. ऑनलाईन सादर केलेला अर्ज आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो. त्यानं सत्यापन केल्याशिवाय तो एक पाऊलही पुढे सरकत नाही. मोठ्या सरकारी कॉलेजांत शेकडो अर्ज एकाच टेबलावर असतात. शेवटच्या तारखेला सादर केलेला अर्ज ढिगाच्या तळाशी जातो.

म्हणून सादर केल्यावर दोन-तीन दिवसांत छापील अर्ज, स्वसाक्षांकित प्रती आणि फीच्या पावत्या घेऊन मुलानं शिष्यवृत्ती शाखेत जावं. पोच घ्यावी, तीही दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही घेऊन. बोलणं साधं ठेवा: 'सर, माझा अर्ज क्रमांक हा आहे, कागद दिलेत, सत्यापन कधीपर्यंत होईल?' जे उत्तर मिळेल ती तारीख वहीत लिहा आणि त्या तारखेनंतर परत जा. नम्रपणे पण चिकाटीनं. तिथला माणूस तुमचा शत्रू नाही, त्याच्यावर कामाचा डोंगर आहे. नीट लावलेली फाइल त्याचंही काम हलकं करते.

पोर्टलवर दर आठवड्याला स्थिती बघा. सत्यापन लंबित दिसत असेल तर कॉलेजात जा. त्रुटी दाखवून परत पाठवला असेल तर घाबरू नका, पण त्याच दिवशी दुरुस्त करा. अशा अर्जात बदल करून पुन्हा सादर करता येतो, फक्त मुदतीच्या आत. पूर्ण फेटाळला गेला तर त्या वर्षी बहुधा मार्ग उरत नाही. या दोन शब्दांतला फरक मुलाला समजावून सांगा. त्रुटीचा निरोप वाचून 'रिजेक्ट झाला' म्हणत गप्प बसलेली मुलं दरवर्षी भेटतात.

टप्पा 8: उरलेल्या खर्चासाठी कर्ज

पहिल्या टप्प्यातला कागद परत काढा. शिष्यवृत्ती वजा करून जे उरतं तेवढंच कर्ज घ्या. बँक जास्त द्यायला तयार आहे म्हणून जास्त घेऊ नका.

नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमधल्या प्रवेशासाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या कुठल्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याजसवलतीचा लाभ घेत नसाल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतर एक वर्ष तीन टक्के व्याजसवलत आहे. तिच्या जागा वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरत्या आहेत. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं, अशी वेगळी योजनाही आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का हे पोर्टलवर आधी बघा. यादीत नसेल तर बँकेच्या नेहमीच्या शिक्षणकर्जाचे नियम लागतात: साधारणपणे चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांच्या वर तारण लागतं.

शाखेत जाताना प्रवेशपत्र, कॉलेजच्या शिक्क्याचं वर्षवार फीपत्रक, मार्कशीट, मुलाचं आणि सहअर्जदाराचं आधार-पॅन आणि उत्पन्नाचे पुरावे न्या. तोंडी 'होणार नाही' ऐकून परत येऊ नका. अर्ज पोर्टलवरून करा आणि नकार असेल तर कारण लेखी मागा. हे तीन प्रश्न जरूर विचारा: व्याजदर बदलता आहे का, व्याज कधीपासून लागतं, आणि शिकत असताना व्याज भरत राहिलं तर दरात सूट आहे का. हप्ते शिक्षणानंतर सुरू होतात, पण व्याज पहिल्या रकमेपासूनच चढत असतं. सवलत मिळत नसेल आणि घराला जमत असेल, तर दरमहा निदान व्याज भरा.

टप्पा 9: दुसरं वर्ष

पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करायचा असतो, आणि पहिल्या वर्षी धडपडलेली घरंच इथे निर्धास्त राहतात. केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीला वर्षाअखेर 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. हजेरीकडे मुलाचं लक्ष पहिल्या महिन्यापासून हवं. परीक्षेच्या तोंडावर ती भरून काढता येत नाही.

निकाल हातात आला की त्याच आठवड्यात तीन गोष्टी तपासा: सीडिंगची बँक तीच आहे का, उत्पन्नाचा दाखला अजून चालतोय का, आणि कॉलेज किंवा शाखा बदलली असल्यास पोर्टलवर काय करावं लागेल. विद्यापीठाचा निकाल लांबला असेल तर शिष्यवृत्ती शाखेला लेखी कळवा, कॉलेजकडून तसं पत्र घ्या आणि नूतनीकरणाची शेवटची तारीख फ्रिजवर लावा, मुलाच्याही आणि तुमच्याही नजरेला पडेल अशी.